घरचा कुत्रा आणि नवा पाहुणा

एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, अशी आपल्याकडे म्हण आहे. घरांत एक कुत्रा असतां दुसरा आणावयाची गोष्ट कोणीं काढली, कीं ही म्हण घरांतील वडील माणसांच्या तोंडून हमखास बाहेर पडते. परंतु कुत्रे म्हणजे तलवारी नव्हत. ते एका घरांत राहूं शकतात व कित्येक घरांत सुखानें राहतहि आहेत. जेथें बिघडतें तेथें तें बहुधा पहिल्या घटकाभरांतच बिघडतें, आणि बिघडविणारे कुत्रे नसून आपण माणसेंच असतों. म्हणून हा विषय विद्यार्थ्यांपुढें थोडक्यांत मांडावा असें आम्हीं योजिलें आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. पण तो तसा नाहीं. आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरांत, ज्यास २०२३ पर्यंत औरंगाबाद म्हणत, थंडीच्या दिवसांत गल्लोगल्लीं कुत्र्यांचीं पिलें दिसूं लागतात. एखादा दयाळू मुलगा त्यांतील एक उचलून घरीं नेतो. घरीं आधींच एक कुत्रा असतो. तो गुरगुरतो, पिलूं ओरडतें, आई रागावते, आणि चौथ्या दिवशीं तें पिलूं पुन्हा रस्त्यावर, तेंहि बहुधा परक्या वस्तींत, सोडलें जातें. आपल्या गल्लींत कुत्राहि वाघ होतो, असें आपण सहज बोलून जातों. ह्याच बोलण्याचा दुसरा अर्थ असा कीं, परक्या गल्लींत टाकलेल्या कुत्र्याभोंवतीं तितकेच वाघ उभे राहतात. पाळलेल्या प्राण्यास उपाशी-तहानेला मरावें लागेल अशा स्थितींत टाकून देणें ही १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें क्रूरता ठरविली आहे. दयेनें आरंभिलेलें काम क्रूरतेंत संपूं नये, एवढ्यासाठीं पहिली भेट कशी घडवून आणावी याचें ज्ञान हवें.

तें ज्ञान आम्हांस चुकीच्या वाटेनें मिळालें, तें आधीं सांगतों. आमच्या घरीं राजा नांवाचा गांवठी कुत्रा आहे. स्वभावानें शांत, वागणुकीनें शिस्तीचा. ओसरीवरची उंबरठ्याजवळची जागा त्याची, हें घरांत सर्वांस मान्य. दोन वर्षांपूर्वीं थंडींतल्या एका पहाटे पाणचक्कीजवळ, खाम नदीच्या कांठीं, वर्षभराची एक तांबूस कुत्री आम्हांस आढळली. मागच्या पायास जखम झालेली, पोट खपाटीस गेलेलें, आणि माणसाचा हात पुढें आला कीं तिचें सारें अंग थरथर कांपे. पशुवैद्याकडून जखम बांधून घेऊन आम्हीं तिला घरीं आणलें व चिमणी असें नांव ठेविलें.

फाटक उघडतांच मुलें धांवत आलीं व राजाहि आला. ओळख करून द्यावी म्हणून आम्हीं चिमणीची दोरी आंखडून धरिली आणि राजास जवळ बोलाविलें. राजानें नाक पुढें केलें. चिमणीच्या पाठीशीं भिंत, पुढें राजा, भोंवतीं मुलांचा गराडा आणि गळ्याशीं ताणलेली दोरी. तिनें किंकाळी फोडून राजाच्या कानास चावा घेतला. राजा गुरगुरला, त्याबरोबर आम्हीं राजासच दटावलें. चिमणी खाटेखालीं शिरली, ती आठ दिवस दिवसाउजेडीं बाहेर आली नाहीं. रात्रीं सर्व निजल्यावर तेवढी चार घांस खाई. राजा त्या खोलीच्या दाराशीं केस उभारून बसूं लागला.

त्या एका क्षणांत आम्हीं पांच चुका केल्या होत्या. आजारी व थकलेल्या प्राण्यास विश्रांति मिळण्यापूर्वींच भेट घडविली. ती राजाच्या स्वतःच्या फाटकांत घडविली. दोघांस तोंडासमोर तोंड आणून उभें केलें. भितरीस मागें सरावयास वाट ठेविली नाहीं. आणि ज्यानें केवळ गुरगुरून ताकीद दिली त्यासच रागें भरलों. ह्या चुका कां ठरतात, हें समजण्यास भीतीचें स्वरूप पाहिलें पाहिजे.

भीति उपदेशानें जात नाहीं, आणि धाकानें तर नाहींच. ह्या बाबतींत एका बालकावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मेरी कव्हर जोन्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनीं पीटर नांवाच्या एका लहान मुलाची सशाविषयींची भीति घालविली, व ती हकीकत १९२४ सालीं प्रसिद्ध केली. मूल आवडीचा खाऊ खात असतां पिंजऱ्यांतील ससा दूर ठेवीत, व मूल स्वस्थ राहील त्या मानानें तो हळूहळू जवळ आणीत. अखेरीस तें मूल सशास कुरवाळूं लागलें. ह्यांतील मर्म दोन शब्दांत सांगतां येतें: अंतर आणि खाऊ. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलव्ह, ज्यांस पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांनीं हेंच तत्त्व कुत्र्यांवरील प्रयोगांत दुसऱ्या बाजूनें दाखविलें होतें. अन्नापूर्वीं नेहमीं एखादा ठराविक आवाज केला, तर पुढें केवळ त्या आवाजानेंहि कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें. मग आवाजाच्या ठिकाणीं दुसऱ्या कुत्र्याचें दर्शन घाला. तें दिसलें कीं कांहीं चांगलें घडतें, असा अनुभव पुनःपुन्हा आला म्हणजे त्या दर्शनाचा अर्थच बदलतो. मात्र अंतर चुकलें तर उलटा धडा मिळतो. भ्यालेला प्राणी खात नाहीं, म्हणून खाणें हाच येथें उत्तम मापक होय. आवडीचा तुकडाहि तोंडांत घेईनासा झाला, तर आपण फार जवळ आलों असें समजून मागें फिरावें.

सर्व कुत्रे सारखे भित्रे कां नसतात, असा प्रश्न येथें उद्भवतो. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर ह्या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें कुत्र्यांचा अभ्यास करून १९६५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. जन्मानंतरच्या सुमारें तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या स्वभावाच्या घडणींत फार महत्त्वाचा असतो, असें त्यांस आढळलें. त्या काळांत ज्यानें माणसें व इतर कुत्रे निर्भयपणें पाहिले, तो पुढें सहसा बिचकत नाहीं. ज्यास तो काळ एकांतांत किंवा दगडधोंडे खाण्यांत घालवावा लागला, त्याची भीति पुढें कमी होते, परंतु पुष्कळदां समूळ जात नाहीं. भित्र्या कुत्र्यास हट्टी किंवा कृतघ्न म्हणणें म्हणूनच अन्यायाचें आहे.

दुसरा एक समज आपल्या मनांतून काढून टाकिला पाहिजे. दोघे एकत्र आले कीं एकानें राजा व्हावें व दुसऱ्यानें नमावें, तोंवर शांतता नाहीं. सबब त्यांस एकदां भांडूं द्यावें, असें पुष्कळ लोक सांगतात. ह्या समजास बळ मिळालें तें लांडग्यांच्या अभ्यासावरून. १९४७ सालीं रुडॉल्फ शेंकेल यांनीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथील प्राणिसंग्रहालयांत बंदिस्त ठेविलेल्या लांडग्यांचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. त्यांत वर्चस्वासाठीं चाललेल्या झगड्यांचें वर्णन होतें. पुढें डेव्हिड मेक ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० च्या ग्रंथानें ती कल्पना सर्वत्र पसरविली. परंतु त्याच मेक यांनीं कॅनडाच्या अगदीं उत्तरेकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचें अनेक उन्हाळे जवळून निरीक्षण केलें, आणि १९९९ सालीं स्पष्ट लिहिलें कीं, रानांतला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई, बाप व त्यांचीं पिलें असें कुटुंबच असतें. तेथें पुढारीपण लढून मिळवावें लागत नाहीं. कोंडलेल्या परक्यांचे झगडे पाहून कुटुंबाचे नियम ठरविले गेले होते. ज्या शास्त्रज्ञानें मत पसरविलें त्यानेंच तें मागें घ्यावें, हें शास्त्राच्या प्रामाणिकपणाचें चांगलें उदाहरण आहे. आपल्यापुरता बोध असा कीं, दोन कुत्र्यांस झुंजवून स्नेह होत नाहीं. भित्र्यास एकदां मार बसला, तर पुढील महिनाभराची मेहनत वायां जाते.

आतां कुत्र्याची भाषा. त्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडेंच, ही म्हण सर्वांस पाठ असते. पण तें शेपूट काय सांगतें हें फार थोडे पाहतात. शेपूट हललें म्हणजे आनंदच, असें नाहीं. २००७ सालीं इटलींतील शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, धनी दिसला असतां कुत्र्याचें शेपूट स्वतःच्या उजव्या बाजूस अधिक झुकतें, व परका दांडगा कुत्रा दिसला असतां डाव्या बाजूस. हा सूक्ष्म भेद नुसत्या डोळ्यांस सहज दिसत नाहीं. परंतु ठळक खुणा कोणासहि शिकतां येतात. अंग सैल, शेपूट पाठीच्या रेषेंत सैलपणें हलतें, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर केलेला, ह्या स्वस्थतेच्या व खेळाच्या खुणा होत. शेपूट पोटाखालीं, कान मागें, ओंठ वारंवार चाटणें, झोंप नसतां जांभई देणें, तोंड एकीकडे फिरविणें, डोळ्यांच्या कडेचें पांढरें दिसणें, ह्या संकोचाच्या व भीतीच्या. आणि सारें अंग ताठ, तोंड मिटलेलें, नजर एके ठिकाणीं खिळलेली, ही वादळापूर्वींची शांतता समजावी. गुरगुरणें हा अपराध नव्हे, ती सूचना आहे. जो कुत्रा गुरगुरल्याबद्दल मार खातो, तो पुढें गुरगुरल्यावांचून चावावयास शिकतो. भुंकणारा कुत्रा चावत नाहीं, ह्या म्हणीवरहि विसंबूं नये. भीतीनें भुंकणारा कोंडला गेला तर चावतो.

इतकें ध्यानीं आल्यावर आम्हीं पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. तो क्रम असा.

पहिली पायरी वैद्याची. नव्या कुत्र्याची तपासणी, जंतांचें औषध व पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें लसी द्याव्या. रस्त्यावरील पिलांत पार्व्हो व डिस्टेंपर हे रोग आढळतात, व ते अंगांत असूनहि कांहीं दिवस दिसत नाहींत. यासाठीं सुमारें दोन आठवडे त्यास निराळें ठेवणें बरें. घरच्या कुत्र्याच्याहि लसी पुऱ्या झाल्या आहेत ना, हें पाहावें, व दोघांच्या नसबंदीविषयीं त्याच वेळीं विचारावें. हे दोन आठवडे फुकट जात नाहींत. चिमणीस एक कोपऱ्यांतली खोली, एक गोणपाट, पाण्याचें भांडें व अंग लपविण्यास खाटेचा आडोसा दिला. तिला कोणीं ओढून बाहेर काढावयाचें नाहीं, असा मुलांस नियम घातला.

दुसरी पायरी नाकाची. कुत्र्यास जग आधीं वासानें कळतें. संसर्गाची शंका पशुवैद्यानें दूर केल्यावर चिमणीचें गोणपाट राजाच्या ओसरीवर व राजाची जुनी चादर चिमणीच्या खोलींत ठेविली. त्यावर उकडलेल्या अंड्याचे तुकडे ठेवीत असूं. पुढें बंद दाराच्या दोन्ही बाजूंस, प्रथम दारापासून बरेंच दूर व मग रोज थोडें जवळ, दोघांस एकाच वेळीं जेवण दिलें. चौथ्या दिवशीं राजाचे उभे राहणारे केस बसले.

तिसरी पायरी पावलांची. पहिली दृष्टभेट घरांत नव्हे, तर जी जागा दोघांपैकीं कोणाचीच नाहीं अशा मोकळ्या मैदानांत घडवावी. आम्हीं छावणीकडील एक मोकळें मैदान निवडिलें, व मराठवाड्याचें ऊन चढण्यापूर्वीं, भल्या पहाटे तेथें गेलों. दोन कुत्र्यांस दोन माणसें पाहिजेत. दोरी लांब व सैल असावी. ताणलेली दोरी कुत्र्यास धोक्याची बातमी देते. आरंभीं सुमारें तीस पावलांचें अंतर ठेवून दोघांस एकाच दिशेनें, जणूं दोन समांतर रेषांवर, चालविलें. एकमेकांकडे चाल करून येणारे कुत्रे शत्रूसारखे भासतात. एकाच दिशेस जाणारे सोबती वाटूं लागतात. एकानें दुसऱ्याकडे पाहिलें व शांत राहिला, कीं लगेच भाकरीचा किंवा अंड्याचा तुकडा. (कांदा, द्राक्षें, मनुका व चॉकलेट कुत्र्यास विषारी असल्यामुळें कधींहि देऊं नयेत.) पहिल्या दिवशीं वीस मिनिटांत परत फिरलों. सहाव्या दिवशीं अंतर आठ पावलांवर आलें, आणि चिमणी चालतां चालतां जमीन हुंगूं लागली. भ्यालेला कुत्रा असें निवांत हुंगत नाहीं. आम्हांस ती मोठी शुभवार्ता वाटली.

चौथी पायरी हुंगण्याची. नवव्या दिवशीं राजानें वळसा घेऊन मागच्या बाजूनें तिला हुंगलें. सभ्य कुत्रे असेच भेटतात. तोंडासमोर सरळ येत नाहींत. मनांत तीन अंक मोजून दोघांस आनंदानें हांक मारिली व पुढें चालूं लागलों. भेट लहान ठेवावी व बरें चाललें असतांच थांबवावी. आणखी थोडें राहूं द्या, ह्या मोहानें पुष्कळ भेटी बिघडतात.

पांचवी पायरी घराची. फिरून आल्यावर दोघेहि बरोबरच फाटकांतून आंत यावे. तत्पूर्वीं अंगणांतील हाडकें, चेंडू व जेवणाचीं भांडीं उचलून ठेवावीं, कारण कलहाचें मूळ बहुधा अशाच वस्तूंत असतें. आधीं अंगण, मग ओसरी, मग खोली. जेवण निरनिराळ्या ठिकाणीं, अंथरूण निराळें, आणि घरांत कोणी नसतां दोघांमध्यें बंद दार. हे नियम निदान कांहीं आठवडे मोडूं नयेत. जुन्या कुत्र्याचा नित्यक्रमहि मोडूं नये. त्याची फिरावयाची वेळ, उंबरठ्याजवळची जागा व आपला हात त्यास पूर्वींप्रमाणेंच मिळाला, म्हणजे पाहुण्यामुळें आपलें कांहीं गेलें असें त्यास वाटत नाहीं. म्हाताऱ्या कुत्र्यास नव्याच्या धसमुसळेपणापासून दूर बसतां येईल अशी जागा अवश्य असावी. दिवाळीच्या फटाक्यांत किंवा घरीं लग्नकार्य असतां नवा कुत्रा आणूं नये, हें सांगावयास नकोच.

एवढें करूनहि भांडण जुंपलेंच, तर मध्यें हात घालूं नये, व मुलांनीं तर जवळहि जाऊं नये. मोठ्यांनीं पाण्याचा मारा करावा, थाळी जोरानें वाजवावी किंवा मध्यें फळी सरकवावी, व दोघांस निरनिराळें करून त्या दिवसाचा पाठ तेथेंच संपवावा. माणसास दांत लागला किंवा ओरखडा उठला, तर तो लपवूं नये. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी, हळद किंवा चुना भरूं नये, व त्याच दिवशीं घाटीसारख्या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या दवाखान्यांत जावें. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं. पण वेळीं घेतलेल्या लसीनें तो रोग टळतो. लुई पाश्चर यांनीं जुलै १८८५ मध्यें जोसेफ माइस्टर ह्या नऊ वर्षांच्या मुलास ती लस प्रथम टोंचली, तेव्हांपासून हें दान मनुष्यजातीस मिळालें आहे. त्याचा लाभ भीतीनें किंवा लाजेनें दवडूं नये.

राजा आणि चिमणी यांचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. कथांतून असतो तसा जिवलग स्नेह त्यांच्यांत झाला, असें आम्ही म्हणणार नाहीं. दोघे एका ओसरीवर, पण चार हातांच्या अंतरानें निजतात. जेवणें अजून निराळींच आहेत. पाहुण्यांच्या पायांचा आवाज आला कीं चिमणी आजहि आंत जाते, आणि दिवाळींत ती खाटेखालींच असते. फरक इतकाच कीं, राजा जवळ येऊन पडला म्हणजे ती पूर्वींपेक्षां लवकर बाहेर येते. सुमारें चार महिन्यांत एवढें साधलें. कोणाच्या घरीं हें चार दिवसांत साधेल, कोणाच्या घरीं वर्ष लागेल. आणि मनापासून यत्न करूनहि दोघांचें जमलें नाहीं, तर नव्यासाठीं दुसरें चांगलें घर शोधून द्यावें. त्यांत कमीपणा नाहीं. कमीपणा आहे तो रस्त्यावर सोडण्यांत.

आपल्याच मराठवाड्यांतील नरसीचे नामदेव, भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवले, अशी कथा आपण ऐकतों. शुभवर्तमानांत श्रीमंताच्या दाराशीं पडलेल्या लाजरसाच्या जखमा कुत्र्यांनीं चाटल्या, असा उल्लेख आहे. दया कोणावर करावी हें ह्या कथा शिकवितात. ती कशी करावी, हें आपल्यास निरीक्षणानें शिकावें लागतें. दया करणाऱ्यास घाई झालेली असते, आणि भ्यालेल्यास वेळ हवा असतो. जो कोणी विद्यार्थी ह्या थंडींत एखादें पिलूं उचलून घरीं नेईल, त्यानें तेवढा वेळ आपल्यापाशीं आहे कीं नाहीं, ह्याचा विचार तें उचलण्यापूर्वीं करावा, आणि उचलल्यावर तो वेळ त्यास मनमोकळेपणानें द्यावा, इतकीच आमची विनंति आहे.